अंबूने वर केलेले बोट

पुढे जे लिहिणार आहे ते वाचणारे तुम्ही पहिले. माझ्या धाकट्या बहिणीला हे ठाऊक नाही. ज्या डॉक्टरांकडे मी स्वतः अंबूला रिक्षातून घेऊन गेले त्यांनाही ठाऊक नाही. आणि अंबूला — तिला ठाऊक आहे की नाही, हे मला सहा वर्षांत ठरवता आलेले नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणे सोपे जाईल असे वाटले होते. तसे होत नाही. तीन दिवस मी हा परिच्छेद लिहिते आणि वही मिटते.

मी शिक्षिका होते. क्रमाने सांगितल्याखेरीज मला काही सांगताच येत नाही. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. त्यातली बहुतेक चौथीच्या वर्गावर. फळ्यावर उदाहरण मांडताना मी आधी दिलेले काय आहे ते लिहीत असे, मग काढायचे काय आहे, मग रीत, आणि सर्वांत शेवटी उत्तर. इथेही तसेच करते. उत्तर टाळण्यासाठी मी रीत लांबवते आहे असे तुम्हाला मध्येच वाटेल — आणि ते चूक नसेल.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. इतकी वर्षे फळ्यावर वर राहिलेला हात वेणी घालण्याइतकाही उचलेना. त्या निमित्ताने एका शिबिरात मी संथ योग शिकले. यात घाम गाळायचा नसतो. तासाभरात जेमतेम सात-आठ आसने होतात. प्रत्येकात तीन ते पाच मिनिटे राहायचे. स्नायू ताठ करायचे नाहीत, ढिले सोडायचे. सांध्यांभोवतीचे जे जुने आणि चिवट, वर्षानुवर्षे आक्रसलेले असते ते झटक्याने सुटत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

याचे नियम थोडे आहेत, पण ते नीट समजून घ्यावे लागतात. शरीर वाकवत नेताना एक जागा येते, जिथे ते म्हणते — इथपर्यंत. त्या जागेला मी कड म्हणते. कडेपाशी थांबायचे, पुढे रेटायचे नाही. शेजारणीचे कपाळ गुडघ्याला टेकले म्हणून आपले टेकलेच पाहिजे असे नसते, कारण प्रत्येकीची कड निराळी असते. एकदा तिथे पोचलो की हालचाल बंद. पदर सावरायचा नाही, माशी बसली तर बसू द्यायची. मग फक्त वेळ. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताण आणि वेदना यांतला भेद. ताण बोथट असतो, पसरलेला असतो, श्वासाबरोबर थोडा कमी-जास्त होतो. वेदना टोकदार असते आणि बहुधा सांध्यात असते. ताण असेल तर राहा. वेदना असेल तर त्याच क्षणी बाहेर या. कुणाला विचारू नका.

कुणाला विचारू नका — हे शिबिरात सांगितले होते. माझ्या वर्गात मी ते बदलले.

वर्ग शहराच्या पूर्व भागात होता — अजून आहे. एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. लग्नसराई नसेल तेव्हा सकाळी सहा ते सात आम्हाला मिळतो. येणाऱ्या वीस-बावीस जणी, बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. कुणाचे घर मागावर, कुणी विड्या वळणाऱ्या. तासन्‌तास मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बसणाऱ्या बायका. त्यांची कंबर, त्यांचे खुबे, त्यांची मान — हा योग जणू त्यांच्यासाठीच तयार झाला असावा असे मला वाटे. आधाराला लागणारे ठोकळे, लोड आमच्याकडे नव्हते. पण चादरी होत्या. सोलापुरात चादरीला काय तोटा? प्रत्येकीने घरून दोन चादरी आणायच्या. घडी घालून, गुंडाळी करून पाठीखाली, गुडघ्याखाली घ्यायच्या. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की निम्मा वर्ग गळायचा. एरवी हजेरी चोख असे. हो, मी हजेरी घेत असे.

आणि मी एक नियम माझा घातला. आसनात वेदना झाली तर आपण होऊन उठायचे नाही. डोळे मिटलेलेच ठेवून उजव्या हाताचे बोट वर करायचे. मी येईन, आधार देईन आणि हळूहळू बाहेर काढीन. कारण असे सांगितले की, फार वेळ ताणलेला सांधा एकदम झटकला तर तो दुखावतो. वयस्क बायकांनी सोडताना कुणाचा तरी हात घ्यावा. कारण खोटे नव्हते. पण ते पूर्ण होते का? मी मधोमध उभी आहे, बावीस जणी डोळे मिटून पडल्या आहेत, आणि माझ्या परवानगीवाचून कुणी उठत नाही — छत्तीस वर्षांनंतर मला पुन्हा एक वर्ग मिळाला होता. तो मला फार हवा होता.

मी एकटी राहते. लग्न केले नाही, आईवडील गेले, बहीण लातूरला. सात रस्ता चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खाली दिवसभर रिक्षांचे भोंगे, वर पातेल्यात चमचा ढवळल्याचा आवाज — माझ्याच चमच्याचा. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी परतीच्या रिक्षात बसे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत 'बाई' अशी हाक माझ्या कानावर पडत नसे. कधीकधी दुपारी मी स्वतःशी मोठ्याने पाढे म्हणत असे. एकोणतीसचा, सदतीसचा. आवाज बसला नाही ना, एवढे पाहण्यासाठी.

आता अंबू.

अंबू माझी विद्यार्थिनी. मी चोवीस वर्षांची होते, ती दहा. मागवाल्याची मुलगी, घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत येईल तेवढे मराठी. हुशार नव्हती, पण आज्ञाधारक इतकी की तिचे उदाहरण मी पुढच्या तुकड्यांना देत असे. वर्गाचे छत पत्र्याचे होते. एका पावसाळ्यात मी फळ्यावर भागाकार मांडत होते, पाठ वर्गाकडे. वळून पाहिले तर अंबूच्या डोक्यावर वरून संततधार गळते आहे. तिची पाटी धुऊन गेली आहे, वेणीतून पाणी निथळते आहे — आणि ती जागच्या जागी बसून बोट वर करून थांबली आहे. मी "हं" म्हटल्यावरच ती सरकली. माझ्या वर्गात परवानगीशिवाय जागा सोडायची नाही, असा नियम होता. शिक्षकांच्या खोलीत मी तो किस्सा अभिमानाने सांगितला. आम्ही सगळे हसलो. त्यात अभिमान वाटण्यासारखे काय होते, असा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

सातवीत तिने शाळा सोडली. चौथीच्या त्या वर्षानंतर अडतीस वर्षांनी ती माझ्या योगवर्गात आली तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. नवरा चादरीच्या कारखान्यात, मुलींची लग्ने झालेली, स्वतः विड्या वळून कंबर धरलेली. मला पाहताच तिने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "बाई, आता तरी पास करा मला." सगळ्या हसल्या. पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याचा किस्सा तिनेच त्यांना सांगितला, माझी नक्कल करत, फळ्याकडे तोंड करून. मीही हसले.

बायकांना ती फार आवडे. सगळ्या तिला अंबक्का म्हणत. वर्ग सुटला की हॉलच्या जिन्याच्या पायऱ्यांवर त्या दहा मिनिटे बसत. मधल्या पायरीवर अंबू, वरखाली बाकीच्या. काय बोलत, कोण जाणे — अर्धे तेलुगू, अर्धे मराठी, आणि मग एकदम हशा. मी चटई गुंडाळून, हजेरीपत्रक पिशवीत ठेवून खाली येई, तेव्हा हशा थांबे. त्या उठून उभ्या राहत. मला वाट देण्यासाठी दोन्ही बाजूंना सरकत. हा आदर होता. दुसरे काय असणार? पण त्या दोन ओळींच्या मधून खाली उतरताना मला रोज वाटे, कुणीतरी एकदा तरी म्हणावे — बसा की बाई.

ही पार्श्वभूमी झाली. ती मी माझ्या बाजूने मांडत नाही. उदाहरण सोडवायला ती लागते, म्हणून मांडली.

जानेवारीतली सकाळ होती. थंडी बरी होती. रिक्षा लवकर मिळाली, म्हणून मी दहा मिनिटे आधी पोचले. जिना चढताना वरून आवाज आला. माझाच आवाज. म्हणजे अंबूने काढलेला माझा आवाज.

"डोळे मिटा. श्वास सावकाश. कुणालाही घाई नाही." मग तिचा स्वतःचा आवाज, "बाईंना कुठली आलीय घाई? घरी जाऊन कुणाला भाकऱ्या थापायच्या हायत त्यांना! आपली पाच मिनिटं म्हंजे पाच मिनिटं. त्यांना सकाळ काय अन्‌ दुपार काय, सगळं शवासनच की!"

केवढ्या हसल्या त्या. कुणीतरी टाळी दिली.

मी जिन्यात थांबले. कठड्याला हात लावून. मला राग आला — असे मी कितीतरी वर्षे स्वतःला सांगत आले. माझी टिंगल झाली, माझा अपमान झाला, आणि त्या भरात पुढचे घडले. एवढ्यावर थांबता आले असते तर गोष्ट सोपी होती. टिंगलीचा राग कुणालाही येतो; तुम्हीही मला तेवढी सूट दिली असती.

पण हसणे ओसरल्यावर अंबू आणखी एक वाक्य बोलली. ते तिने खालच्या आवाजात म्हटले, नक्कल न करता. "तसं न्हाय गं. लई वाईट वाटतं मला. आपण गेल्यावर बोलत तरी कुणाशी असतील त्या?"

मी दहा-बारा पायऱ्या खाली उतरले आणि पुन्हा मुद्दाम चपला वाजवत वर चढले.

राग मला टिंगलीचा आला नव्हता. तिला माझी कीव आली, आणि ती बरोबर होती — त्याचा आला. जिला मी भागाकार शिकवला तिने माझ्या दुपारी मोजल्या होत्या.

वर्ग नेहमीसारखा सुरू झाला. तिसरे आसन सुप्त वज्रासन होते. यात गुडघे दुमडून टाचांवर बसायचे आणि हळूहळू मागे टेकत जायचे. मांड्यांच्या पुढच्या बाजूला चांगला ताण बसतो, पण गुडघा पूर्ण दुमडलेला असतो आणि वर धडाचा भार येतो. म्हणून या आसनात पाठीखाली दोन चादरींची उंच घडी हवीच. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मागे टेकूच नये, बसून राहावे. हे सगळे मला पाठ होते. बायकांनाही मी अनेकदा सांगितले होते.

त्या दिवशी एक नवीन बाई आली होती. तिने चादरी आणल्या नव्हत्या. अंबूने आपल्या दोनपैकी एक काढून तिला दिली. मी ते पाहिले. अंबूच्या पाठीखाली एकच घडी राहिली, तिचे खांदे खूप खाली गेले, डावा गुडघा जमिनीवरून चार बोटे उचलला गेला. तेही मी पाहिले. रोजच्यासारखे मी तिथे जाऊन माझी स्वतःची चादर तिच्या पाठीखाली सरकवायला हवी होती. ती माझ्या खांद्यावरच होती. मी गेले नाही. मी म्हटले, "डोळे मिटा," आणि घड्याळ पाहिले. पाच मिनिटे.

इथे आता माझे वाक्य अडखळते. पण आकडे सांगता येतात, आकडे सांगते.

दोन मिनिटे वीस सेकंद झाले तेव्हा अंबूने बोट वर केले.

उजवा हात जमिनीवर, तळवा खाली, आणि तर्जनी सरळ वर. त्या बोटाला तंबाखूचा पिवळट डाग होता. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते. हॉलमध्ये उजेड होता. मधे कुणी नव्हते. माझा चष्मा डोळ्यांवर होता. हे सगळे मी यासाठी सांगते आहे की, तुम्ही मनातल्या मनात माझ्यासाठी एखादी पळवाट शोधत असाल तर ती शोधू नका. मी शोधून झाले आहे.

बोट थरथरत नव्हते. ते नुसते वर होते — चौथीतल्यासारखे. आणि मला काय वाटले, सांगू? बरे वाटले. आता तुला माझी गरज आहे, असे वाटले. आता थांब. बघू, कुणाची दुपार लांब असते ते.

चाळीस सेकंद मी ते बोट पाहत उभी होते. मग मी बोलले. सगळ्या वर्गाला उद्देशून, नेहमीच्या संथ आवाजात — "शांत राहा. जिथे आहात तिथेच राहा. सोडायचे नाही."

आणि अंबूने बोट खाली घेतले.

कळते आहे ना तुम्हाला? तिचे डोळे मिटलेले होते. मी तिच्याकडे पाहते आहे की नाही, हे तिला दिसत नव्हते. तिने ऐकले ते उत्तर ऐकले. बोट वर केले, बाईंनी नाही म्हटले, बोट खाली घेतले. दुसरी कुणी असती तर कळ असह्य झाल्यावर सरळ कुशीवर वळली असती. नवीन बाई तर मिनिटभरातच उठून बसली होती. अंबू उठली नाही. परवानगीशिवाय जागा सोडायची नाही, हे मी तिला दहाव्या वर्षी शिकवले होते, आणि ती ते विसरली नव्हती. डोक्यावर पाणी गळत असताना जी हलली नाही ती आता कशी हलणार?

अजून दोन मिनिटे होती. तीही मी पूर्ण केली. घड्याळाकडे पाहिले, पितळी घंटी वाजवली, "सावकाश बाहेर या" म्हटले. एकवीस जणी बाहेर आल्या. अंबूला डावा पाय सरळ करता येईना. ती ओरडली नाही. तिने दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि तोंडातून हवा जावी तसा एक आवाज काढला.

सगळ्या तिच्याभोवती जमल्या. कुणी पाय चोळायला लागली, कुणी पाणी आणले. एकजण तिच्यावरच डाफरली, "अगं, बोट का न्हाय केलीस वर? बाई रोज सांगतात की!"

"केलो होतो की," अंबू म्हणाली. आणि तिने माझ्याकडे पाहिले.

तेवढाच वेळ माझ्याजवळ होता. त्या वेळात खरे बोलता आले असते. एक वाक्य पुरले असते. मी दुसरे बोलले. मी म्हटले, "मला दिसले नाही, अंबू. बोट नीट वर करायचे असते. अर्धवट केले तर मला कसे कळणार? नियम कशासाठी घातला आहे?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. किती वेळ, ते इथे मात्र मला सांगता येत नाही. ते मी मोजले नाही. मग ती म्हणाली, "व्हय बाई. चुकलं माझं."

तिने माझी क्षमा मागितली — आणि मी ती दिली. मान हलवून.

संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला. दुसऱ्या दिवशी मीच तिला डॉक्टरांकडे नेले. सांध्यातली गादी फाटली आहे, असे ते म्हणाले. कसे झाले म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा मी तोंड उघडण्याआधी अंबूनेच सांगितले — योगात माझी चूक झाली, बाईंनी सांगितल्यासारखं केलो न्हाय. डॉक्टर माझ्याकडे पाहून, काय करणार या लोकांना, अशा अर्थाने हसले. मी तेही स्वीकारले.

नंतर ती बरी झाली, पण पूर्वीसारखी नाही. मांडी घालता येत नाही. विड्या वळायला जमिनीवर बसता येत नाही; प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते, सूप स्टुलावर ठेवते. हात खाली वाकवून काम करायला वेळ लागतो, आणि मान दुखते ती वेगळीच. सणाला पंगतीत बसत नाही. वाढायचे काम घेते. मी तिच्या घरी जात असे — फळे घेऊन, मलम घेऊन. तिच्या खोलीत माझ्यासाठी ती चहा करी, लंगडत. "बसा की बाई," म्हणे. मला हवे असलेले ते शब्द मला अशा रीतीने मिळाले.

किती वेळा मी सांगायला गेले? मोजलेले आहे, पण आकडा लिहीत नाही. तो लिहिला तर प्रयत्नासारखा दिसेल. दर वेळी मी चहा पिऊन परत आले. भीती कशाची होती? ती रागावेल याची नव्हती. ती म्हणेल, "ठाऊक हाय की बाई मला" — याची होती. कारण विचार करा. तिने बोट खाली घेतले ते माझे वाक्य ऐकून. म्हणजे बाईंनी पाहिले, असे त्या क्षणी तिला वाटले होते. मग आसन सुटल्यावर बाई म्हणाल्या, दिसले नाही. ती भागाकारात कच्ची होती, पण इतके गणित तिला येत नसेल का? का तिला वाटले, की बाई सगळ्यांना उद्देशून बोलल्या, आपणच घाई करून बोट खाली घेतले? मला माहीत नाही. तिच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही वाचता आलेले नाही. वर्गात तिचे फक्त बोट पाहायची सवय होती.

सुप्त वज्रासन मी वर्गातून काढून टाकले. वेदना झाली तर कुणालाही न विचारता बाहेर या, असे आता मी रोज सांगते. पण बायकांना बोटाची सवय झाली आहे; नियम मी मागे घेतला तरी त्या तो पाळतात. घरी मी एकटी आसने करते तेव्हा दोन मिनिटांच्या पुढे मला स्थिर राहता येत नाही. दोन मिनिटे वीस सेकंदांनी माझे डोळे आपोआप उघडतात. समोर भिंत असते. शिबिरात सांगितले होते, की दीर्घ स्तब्धतेत दडलेल्या गोष्टी वर येतात, त्यांना येऊ द्यावे, त्यांच्याशी झगडू नये. मी हे बायकांनाही शिकवते. चांगले शिकवते.

अंबू अजून वर्गाला येते. दाराजवळ तिची खुर्ची असते. तिच्यावर बसून ती मान आणि खांद्यांचे तेवढे करते. बाकी वेळ नव्या बायकांना चादरीच्या घड्या घालून देते, कुणाला उंच हवी, कुणाला कमी, हे तिला माझ्यापेक्षा चांगले समजते. गेल्या सोमवारी अशीच एक नवीन बाई आली. मी हजेरीपत्रकात तिचे नाव लिहीत होते. अंबूने तिला जवळ बोलावले आणि समजावून सांगायला लागली.

"दुखलं तर नुसतं बोट न्हाय करायचं. पुरता हात वर करायचा. असा. खांद्यापासनं. बाईंना दिसाया पायजे." आणि मग माझ्याकडे न पाहता, "माझ्यावानी अर्धवट करशील तर बसशील माझ्यावानी खुर्चीत."

सगळ्या हसल्या. नव्या बाईने हात वर करून दाखवला. अंबू म्हणाली, अजून वर. तिने अजून वर केला. मग गंमत म्हणून बाकीच्यांनीही केले — वीस-बावीस हात, सरळ, उंच, चौथीच्या वर्गातल्यासारखे. ही रीत आता आमच्याकडे पक्की झाली आहे. शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही योगवर्गात तुम्हाला ती सापडणार नाही. ती माझ्या एका वाक्यातून आली आहे, आणि ते वाक्य खोटे होते.

बोट अर्धवट नव्हते. ते पूर्ण वर होते, आणि मी चाळीस सेकंद ते पाहत होते.